भाऊजींची दाढ

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, ऑफिसात सगळे अक्कलदाढ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं आणि आतून आवडतही होतं. बंदरावरच्या कस्टमच्या गोदामात ते तपासनीस होते आणि त्यांच्याकडे फक्त सुकामेवा असायचा. जहाजातून आलेले बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते कोणत्या कोडखाली बसतात ते भाऊजी ठरवायचे, मग त्यावर जकात लागायची आणि मग माल गेटाबाहेर पडायचा.

हे काम म्हणजे काय ते आम्हाला जेवताना, मागितलेलं नसताना, समजावून सांगितलं जायचं. कच्चा किंवा नुसता वाळवलेला बदाम जकातीच्या पुस्तकातल्या आठव्या प्रकरणात, फळांच्या शेजारी. तोच बदाम भाजून मीठ लावला की त्याची रवानगी विसाव्या प्रकरणात, डबाबंद मालात. आणि शेंगदाणा तर या कुटुंबातलाच नाही, तो बाराव्यात, तेलबियांच्या घरातला. एका लग्नात समोर मेव्याची वाटी आली तर यांनी त्यातले सगळे शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला लावले आणि "घुसखोर" असं मोठ्यानं म्हणाले. नवऱ्या मुलाची आई बघतच राहिली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरी मेख कच्च्या-भाजक्यात होती. प्रवासात माल किडू नये म्हणून त्याला जराशी उष्णता देतात, ती चालते. पण ही जराशी उष्णता कुठे संपते आणि भाजणं कुठे सुरू होतं, यावर व्यापारी तासन्‌तास भांडत. भाऊजी भांडायचे नाहीत. पोत्यातला एक दाणा उजव्या दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे, चावायचे, पायाजवळच्या पत्र्याच्या डब्यात थुंकायचे आणि सांगायचे. प्रयोगशाळेचा कागद यायला महिना लागायचा, म्हणून सगळं गोदाम त्या दाढेकडे बघत उभं असायचं. नमुन्यातले उरलेले दाणे परत पोत्यात टाकायची पद्धत नव्हती, हात लागलेले ना! ते कोटाच्या खिशातून घरी यायचे आणि ताई ते बरणीत भरायची.

एवढा दबदबा ऐकून कुणाला वाटेल, माणूस वाघ असेल. वाघ कसला! असा भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. लिफ्टमध्ये शिरताना हे डोळे मिटणार. रस्ता ओलांडताना ताईची बाही धरणार. दारावर अनोळखी टकटक झाली की आधी मला हाक, कारण त्यांच्याकडेच राहणारी मी वरच्या खोलीत शिवणकाम करत बसलेली असायचे आणि माझं तोंड, त्यांच्या मते, कुत्रं पाळण्यापेक्षा बरं होतं. फक्त त्या गोदामात, त्या लाकडी टेबलामागे उभे राहिले की ते कुणाला भीत नसत. दाढ चुकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बाकी जगात कशाचाच भरवसा नाही, हेही ठाऊक होतं.

त्या थंडीत त्यांना ताप आला. आठवडाभर अंथरुणात होते, मग उठले, दाढी केली, कामावर गेले. आम्हाला वाटलं, झालं.

त्यानंतर एका संध्याकाळी मी वर मशीनवर बसलेली असताना खालून करपल्याचा वास आला. ताई बाजारात गेली होती. मी धावत खाली आले तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, दुधाचं पातेलं काळंठिक्कर, आणि शेगडीपासून चार हातांवर पाठमोरे बसून भाऊजी शांतपणे पेपर वाचताहेत.

"भाऊजी! दूध करपलं की हो! नाक आहे का नुसती खुंटी?"

त्यांनी मान वळवून शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा बघून माझं पुढचं भांडण घशातच राहिलं. चोरी करताना पकडलेल्या माणसाचा असावा तसा तो चेहरा होता.

"कधीपासून?" मी गॅस बंद करत विचारलं.

"ताप उतरल्यापासून. वास नाही. चव नाही. मीठ काय, साखर काय, सगळं ओला कागद चावल्यासारखं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. कधी ते नाही म्हणत." मग खुर्चीतून उठून त्यांनी माझं मनगट धरलं. मेहुणीचा हात धरणारा हा माणूस नव्हे, म्हणून मी जास्तच घाबरले. "हिला सांगू नकोस. ही सरळ ऑफिसात जाऊन माझ्या तब्येतीचं गाऱ्हाणं घालेल. चव गेलेल्या तपासनिसाला ते तळघरात पाठवतात गं, जुन्या फायलींत. तिथून परत वर आलेला मी कुणी पाहिला नाही."

मी नाही सांगितलं. त्यांचा तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता, एवढंच कारण. पातेलं मी घासलं आणि दूध माझ्याच हातून करपलं असं ताईला सांगून तिची बोलणी खाल्ली.

पुढचे दिवस त्यांनी कसेबसे काढले. गोदामात ते पूर्वीसारखेच दाणा दाढेखाली धरत, डोळे मिटत. पण आता कान लावून असत. कच्चा बदाम तुटताना मऊ आवाज येतो, भाजका टक्‌कन तुटतो. तुटलेल्या भागाचा रंग बघत, साल नखानं सुटते का बघत, दाणा कागदावर चिरडून तेलाचा डाग किती पसरतो ते बघत. चाखणं निव्वळ नाटक झालं होतं. आणि संध्याकाळी कोट न काढता आधी माझ्या खोलीत यायचे आणि खिशातले दाणे माझ्या मशीनवर ठेवायचे.

"चावून बघ. कच्चाच आहे ना?"

मी चावायचे आणि ते माझ्या तोंडाकडे बघायचे, निकाल लागायचा असतो ना तसं. मी "कच्चा" म्हटलं की त्यांचा श्वास सुटायचा. एकदा मी उगाच गंमत म्हणून "अं... भाजल्यासारखा वाटतोय" म्हटलं, तर भाऊजींनी भिंत धरली. ते पांढरेफटक पडले होते. मी कानाला खडा लावला. पुन्हा तशी चेष्टा केली नाही.

मी म्हणायचे, कशाला हा जिवाचा आटापिटा? शंका आली की माल प्रयोगशाळेत पाठवून मोकळं व्हावं. तेही करून झालं. त्यांनी इतका माल प्रयोगशाळेत पाठवला की गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि व्यापारी बोंब मारत मोठ्या मॅडमकडे गेले. मोठ्या मॅडम म्हणजे त्यांच्या ऑफिसच्या प्रमुख. आवाज कधी न चढवणाऱ्या, आणि म्हणूनच भाऊजी त्यांना सगळ्यांत जास्त भ्यायचे. त्यांनी बोलावून एवढंच विचारलं, "सगळं प्रयोगशाळेनंच ठरवायचं, तर टेबलामागे तुम्ही कशाला हवेत?"

भाऊजी घरी आले ते थेट पलंगावर आडवे झाले. ताईला वाटलं, थंडी बाधली.

त्यानंतर काही दिवसांनीच ती पोती आली. कागदांवर लिहिलं होतं, कवच फोडलेले बदाम, गोड, सालासकट, एका बिस्किटांच्या कारखान्यासाठी. शाळकरी पोरं खातात त्या स्वस्त बिस्किटांचा कारखाना. भाऊजींनी पोतं उसवून दाणे तळहातावर घेतले. दाणा बारीक होता, जरा फुगीर. त्यांनी माल सोडवायला आलेल्या एजंटाकडे पाहिलं.

"तिकडे यंदा पाऊस नाही झाला, साहेब. दाणा बारीकच आलाय," एजंट म्हणाला.

भाऊजींना शंका आली होती. ते स्वतः मला म्हणाले, आली होती. पण मॅडमचा तो प्रश्न कानात होता आणि एजंट टक लावून बघत होता. त्यांनी दाणा दाढेखाली धरला, डोळे मिटले, चावला, नेहमीपेक्षा जास्त वेळ चघळला, डब्यात थुंकले आणि म्हणाले, "बदाम. गोड. आठवं प्रकरण." खाली सही केली.

त्या दिवशी ते माझ्याकडे यायच्या आधीच ताईनं दारात त्यांच्या कोटाचा खिसा रिकामा करून घेतला. मी खाली दोरा मागायला आले होते. भाऊजी स्टुलावर बसून बूट काढत होते. दिवे नुकतेच लागले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला.

"अहो, हे कसले बदाम आणलेत? कडू जहर! तोंडाची पार वाट लागली."

भाऊजींच्या हातात एक बूट होता. तो तसाच राहिला.

"एखादा निघतो," ते म्हणाले. म्हणजे ओठ तसे हलले, आवाज आला नाही.

"दोन तोंडात टाकले, दोन्ही तसेच! थुंकले बाई मी. हल्ली चाखत नाही का तुम्ही?" ताई हसत म्हणाली आणि नळ सोडून चुळा भरायला लागली. तिनं ते चेष्टेनंच विचारलं होतं.

भाऊजी एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत आत गेले, ओट्यावरचे दाणे मुठीत घेतले आणि जिना चढून माझ्या खोलीत आले. मी मागोमाग.

"चाव. गिळू नकोस," ते म्हणाले.

मी चावला. आधी नुसता बदाम लागला आणि मग कडूपणा असा चढला की जीभ आत ओढली गेली. मी थुंकले. दुसरा चावला, तोही तसाच. तिसरा मी नुसता दातांनी तोडला. मला काही बोलावं लागलं नाही, ते माझं तोंड वाचत होते.

मशीनच्या दिव्याखाली त्यांनी एक दाणा उलटसुलट केला. "बूड बघ किती रुंद आहे. टोक आखूड. हे बदाम नव्हेतच. जर्दाळूच्या आठळीतला गर आहे हा. बदामाच्या नावाखाली स्वस्तात घुसवतात. मला आंधळ्याला दिसलं नाही."

"बरं मग? चुकला कोड. बिस्किटं कडू लागतील, लोक शिव्या घालतील."

"बिस्किटात साखर असते," भाऊजी म्हणाले. "कळणारच नाही कडू लागल्याचं. अगं, यात विष असतं. पोटात गेलं की सुटतं. मोठ्या माणसाला मूठभरानं आडवं करेल. आणि लहान पोर..." खाली ताई गुणगुणत भांडी लावत होती.

त्यांनी माझ्याच फोनवरून कारखान्याला फोन लावला. पहारेकऱ्यानं उचलला. माल आलाय, उतरवलाय, पहाटेच्या पाळीला दळायला घेणार. थांबवायचा असेल तर कस्टमच्या मोठ्या साहेबांचा हुकूम लागेल, तुम्ही कोण? भाऊजींनी फोन ठेवला. मॅडमना लावला तर बंद.

"घरी जाऊ त्यांच्या," मी म्हटलं. "सांगा की नंतर शंका आली."

"नंतर कशी येईल? एजंटासमोर चावलाय मी. चघळलाय. तू आत्ता चावलास तेव्हा काय झालं तुझं? असला दाणा तोंडात धरून जो माणूस 'गोड' म्हणतो, तो एक तर विकला गेलेला असतो, नाही तर..." त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. "तिसरं काही असूच शकत नाही."

तेव्हा मला त्यांची कोंडी नीट कळली. एक तर ते चोर ठरणार होते, नाही तर इतके दिवस सगळ्यांना फसवणारे. आणि गप्प बसले तर उद्या दळण सुरू. ते माझ्या पलंगाच्या कडेवर बसले होते. मला वाटलं, हा माणूस आता उठणार नाही. लिफ्टला भिणारा माणूस, हा कुठला उठतोय! मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं की आपणच जायचं.

पण ते उठले. दुसरा बूट घालायला खाली गेले. ताईला म्हणाले, ऑफिसचं काम आहे. मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. तुझी जीभ लागेल." दाणे त्यांनी परत कोटाच्या खिशात टाकले.

रस्त्यानं जाताना प्रत्येक चौकात त्यांनी माझी बाही धरली.

मोठ्या मॅडम जेवायला बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला आत घेतलं, ताट बाजूला सारलं आणि उभ्या उभ्याच सगळं ऐकलं. भाऊजींची बोबडी वळत होती. तरी पोती, कारखाना, जर्दाळू, सगळं त्यांनी सांगितलं.

"सही करण्याआधी तुम्ही चाखलंत ना?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

"आणि कडू लागलं नाही?"

"मला चव येत नाही, मॅडम. तापानंतर. वासही नाही."

"पकडलं जायची वेळ आली की सगळ्यांनाच काहीतरी आजार होतो," त्या हळूच म्हणाल्या. "इतके दिवस चव नसताना काम केलंत आणि कुणाला कळलं नाही? खरं सांगा, एजंटाशी काय ठरलं होतं? आणि आता कशावरून बिनसलं? तुमचं ऐकून कारखान्याचा माल अडवायचा आणि उद्या तुम्ही म्हणणार, माझी तब्येत बरी नव्हती. असा हुकूम मी कशाच्या जोरावर काढू?"

"मी चाखलेत ना!" मी मध्येच ओरडले. "जहर आहेत!"

"तुम्ही त्यांच्या मेहुणी," मॅडम म्हणाल्या. मला एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांचं तरी काय चुकत होतं!

भाऊजींनी खिशात हात घातला. मला वाटलं, ते दाणे टेबलावर ठेवणार. त्यांनी एक दाणा मॅडमच्या ताटाशेजारी ठेवला आणि बाकीचे सगळे आपल्या तोंडात टाकले.

"भाऊजी!"

ते चावायला लागले. डोळे मिटले नाहीत, मॅडमकडे बघत राहिले. कपाळावरून घाम ओघळत होता, पण तोंडावर कुठे आठी नाही, गालाची शीरसुद्धा हलली नाही. उकडलेला बटाटा खावा तसे ते चावत होते. मी त्यांचा दंड धरून हलवला, "थुंका, थुंका आधी," म्हणाले. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

मॅडमनी ताटाशेजारचा दाणा उचलला आणि दातांखाली धरला. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांचं सगळं तोंड वाकडं झालं. खुर्ची मागे पडली, त्या बेसिनकडे धावल्या. ओकारी दाबत, पाण्यावर पाणी घेत त्यांनी मागे वळून पाहिलं. भाऊजी अजून चावतच होते, तसेच.

मग मॅडमनी ओल्या हातानंच फोन उचलला आणि कारखान्याच्या मालकाला घरी गाठलं. कधी न चढणारा त्यांचा आवाज आता चढला होता. पोती अजून शिवलेलीच होती. कुणी हात लावायचा नाही, सकाळी आमचे लोक येतील.

पुढे व्हायचं ते सगळं यथासांग झालं. त्याच रात्री दवाखाना झाला. मग चौकशी झाली. तापानंतर त्यांनी सही केलेला सगळा माल काढून पुन्हा तपासला आणि तो पूर्ण होईपर्यंत आमच्या घरात कुणाला धड झोप लागली नाही. भाऊजींना तळघर मिळालं. ताई माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही, आणि तेही बरोबरच होतं.

पण मला सारखी आठवते ती मॅडमनी फोन खाली ठेवल्यानंतरची वेळ. "थांबवला," त्या म्हणाल्या. भाऊजी माझ्याकडे वळले. गालात तो सगळा चोथा तसाच धरलेला, ओठांच्या कोपऱ्यातून पांढरं ओघळलेलं. त्यांना धड बोलता येत नव्हतं. डोळे मात्र माझ्या चेहऱ्यावर असे फिरत होते की मला ते सहन होईना.

"नक्की कडू होते ना गं?" त्यांनी विचारलं. "मला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत तुम्ही?"

"विषासारखे कडू होते, भाऊजी," मी रडत म्हटलं. "शप्पथ."

तेव्हा कुठे त्यांनी रुमाल काढला आणि तोंडातलं त्यात थुंकलं.